एल्फिन्स्टनचें चरित्र : नागपुराहून पाहतां

सर एडवर्ड कोलब्रुक यांनीं लिहिलेलें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याचें दोन खंडांचें चरित्र १८८४ सालीं प्रसिद्ध झालें. तें नुकतेंच पुन्हां वाचलें. कळमन्याच्या बाजारांत धान्याच्या गाड्यांची ये-जा चालू असतां असला ग्रंथ घेऊन बसणें कोणास विसंगत वाटेल. परंतु या चरित्रांतील एक महत्त्वाचा भाग याच नागपुरांत घडला आहे.

अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा हा मुलगा १७९६ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, कंपनीच्या चाकरीस हिंदुस्थानांत आला. असईच्या रणांगणावर तो वेलस्लीसोबत होता. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवच्या तहानें दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेलें. आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या दरबारीं रेसिडेंट म्हणून हा तरुण येऊन राहिला.

चरित्रकारानें रोजनिशी व पत्रें मुक्तहस्तें उतरून घेतलीं आहेत. हें ग्रंथाचें बळ, आणि मला वाटतें, दोषही हाच. ग्रीक व फारशी ग्रंथांचें वाचन, शिकार, घोडदौड यांत वाचक इतका रमतो कीं, ज्याचा एवढा मुलूख नुकताच गेला त्या राजास हा पाहुणा कसा वाटला असेल, हा प्रश्नच त्यास सुचत नाहीं. रघूजींनीं १८१६ मध्यें मरेपर्यंत तैनाती फौज पत्करली नाहीं. हा करारी नकार शेजारीं ठेवला म्हणजे तीं रसिक पानें निराळीं दिसूं लागतात.

मधली पेशावरची वकिली व काबूलवरील ग्रंथ यांविषयीं येथें लिहीत नाहीं. पुण्यास १८१७ च्या जूनमध्यें बाजीरावाच्या गळ्यांत मानहानीचा तह बांधणारा, आणि ५ नोव्हेंबरच्या खडकीच्या लढाईंत संगमावरील आपला ग्रंथसंग्रह आगींत गमावणारा मनुष्य एकच होता, हें मात्र विसरूं नये.

चरित्रापेक्षां, पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयींचा त्याचा १८१९ चा अहवाल मी अधिक मोलाचा मानतों. पाटील, कुळकर्णी, पंचायत यांचें वर्णन त्यांत आहे, आणि शक्य तें राखावें असा आग्रहही आहे. राज्य बुडविणाऱ्यानेंच त्या राज्याची घडी इतक्या आस्थेनें टिपून ठेवावी, याचें कोडें कोलब्रुकनें उकललें नाहीं. त्यास तें कोडें वाटलेंच नाहीं. मुंबईंतील त्याच्या नांवाच्या कॉलेजकडे पाहून आम्ही इंग्रजी शिकलेल्यांनीं त्यास केवळ विद्याप्रिय ठरविलें. मीही वर्गांत अनेक वर्षें तसेंच सांगत आलों. आतां तें व्याख्यान बदलावें लागेल. त्यांत रघूजींचें नांव आधीं येईल.