दूरशिक्षणातील 'दूर' : संज्ञा, संकल्पना आणि शिकविण्याची जबाबदारी

प्रस्तावना :

कोल्हापूर परिसरात महाविद्यालयाच्या वर्गात न बसता पदवी मिळविणाऱ्याविषयी बोलताना 'त्याने बाहेरून बी. ए. केले' असे म्हटले जाते. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, इचलकरंजीतील यंत्रमागावर काम करणारा तरुण, लग्नामुळे शिक्षण खंडित झालेली चंदगड वा गगनबावडा तालुक्यातील स्त्री, हे सर्व या एका शब्दात सामावले जातात. कागदोपत्री मात्र त्यांची ओळख वेळोवेळी बदलत गेली. बहिःस्थ, पत्रद्वारा, दूरस्थ, मुक्त आणि आता ऑनलाइन अशा संज्ञा एकामागून एक आल्या. व्यवहारात त्या बहुधा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. वस्तुतः यांतील प्रत्येक संज्ञा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. त्यांची सरमिसळ झाल्यास विद्यार्थ्याला शिकविण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात या संज्ञांची चिकित्सा याच प्रश्नाच्या संदर्भात केली आहे.

बहिःस्थ आणि दूरस्थ :

बहिःस्थ पद्धतीचे मूळ लंडन विद्यापीठाच्या व्यवस्थेत आहे. १८५८ च्या सनदेनुसार या विद्यापीठाच्या पदवी परीक्षा संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्यांनाही खुल्या झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे याच नमुन्यावर उभी राहिली. त्यांचे आरंभीचे मुख्य कार्य अध्यापन नसून परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते. बहिःस्थ विद्यार्थ्याशी विद्यापीठाचा करार मर्यादित असतो. विद्यापीठ अभ्यासक्रम जाहीर करते, परीक्षा घेते आणि निकाल लावते. विद्यार्थी कोठे, कसा व कोणाकडून शिकला याच्याशी त्याचा संबंध नसतो.

दूरशिक्षणाची संकल्पना याहून मूलतः भिन्न आहे. डेस्मंड कीगन यांनी १९८० मध्ये दूरशिक्षणाची जी व्यवच्छेदक लक्षणे मांडली, त्यांत शिक्षक व विद्यार्थी यांची परस्परांपासूनची विलगता हे एक लक्षण आहे. परंतु तेवढ्याने दूरशिक्षण सिद्ध होत नाही. अध्ययनसाहित्याचे नियोजन, त्याची निर्मिती आणि विद्यार्थ्याला मिळणारा आधार यांत शैक्षणिक संस्थेचा सहभाग असणे हेही तितकेच आवश्यक लक्षण कीगन सांगतात. खाजगीरीत्या केलेला अभ्यास आणि दूरशिक्षण यांतील भेद येथेच आहे. तसेच दुहेरी संवाद हेही त्यांच्या मांडणीतील एक लक्षण आहे. म्हणजे विद्यार्थी दूर असला तरी तो संस्थेला प्रश्न विचारू शकला पाहिजे आणि संस्थेने त्याला उत्तर दिले पाहिजे.

या दृष्टीने पाहता बहिःस्थ विद्यार्थ्याच्या बाबतीत संस्था केवळ परीक्षक असते, तर दूरस्थ विद्यार्थ्याच्या बाबतीत ती शिक्षकही असते. दारावरील पाटी 'दूरशिक्षण' अशी आणि मनातील कल्पना 'बहिःस्थ' अशी असेल, तर विद्यार्थी शिक्षणाचे शुल्क भरतो व त्याला केवळ परीक्षा मिळते. प्रवेश अर्ज, पुस्तकांचा संच आणि परीक्षेचे प्रवेशपत्र या तीन गोष्टींपुरताच ज्याचा संस्थेशी संबंध येतो, तो विद्यार्थी नावाने दूरस्थ असला तरी वस्तुतः बहिःस्थच राहतो.

'मुक्त' या विशेषणाचा अर्थ :

'मुक्त' आणि 'दूरस्थ' हे शब्द जोडीने वापरले जात असले तरी ते एक नव्हेत. 'दूरस्थ' ही अध्यापनाची पद्धती होय, तर 'मुक्त' हे प्रवेशाचे, गतीचे व निवडीचे धोरण होय. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये सुरू केलेले पत्रद्वारा शिक्षण दूरस्थ होते, परंतु त्यामुळे ते आपोआप मुक्त ठरत नव्हते. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. भारतात १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात पहिले मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे संस्थापक कुलगुरू होत. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांसाठी पूर्वतयारीची वाट काढून या विद्यापीठाने औपचारिक शिक्षणातून गळालेल्यांना पदवीचे दार उघडून दिले. 'मुक्त' या शब्दाचा खरा आशय तो होता. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे बोधवाक्य या धोरणाशी सुसंगतच आहे. मात्र प्रवेश मुक्त असणे म्हणजे अध्यापनातून संस्था मुक्त होणे नव्हे. उलट, प्रवेशाची अट जितकी सैल, तितका विद्यार्थ्याला द्यावयाचा आधार अधिक असावयास हवा. अध्ययनाची सवय सुटलेल्या विद्यार्थ्याला आत घेऊन एकटे सोडणे हे मुक्तीचे नव्हे, उपेक्षेचे लक्षण ठरते.

'स्वयं-अध्ययन साहित्य' : भाषांतरातील निसटलेला कर्ता

शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागाची पुस्तके कोल्हापूर परिसरातील बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाची आहेत. अनेकांनी त्यांतील घटक लिहिलेही आहेत. उद्दिष्टे, प्रस्तावना, विषय विवेचन, सारांश, पारिभाषिक शब्द व शब्दार्थ, स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे, सरावासाठी स्वाध्याय आणि अधिक वाचनासाठी पुस्तके अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. ही मांडणी केवळ मुद्रणाची सोय नाही. वर्गात शिक्षक जे करतो, ते प्रत्येक शीर्षकाखाली कागदावर घडावे अशी तीमागील अपेक्षा आहे.

इंग्रजीत या साहित्यासाठी दोन संज्ञा रूढ आहेत. एकीत साहित्य स्वतः शिकविते असा अर्थ आहे, तर दुसरीत विद्यार्थी स्वतः शिकतो असा. मराठीत 'स्वयं-अध्ययन' हा शब्द दुसऱ्या अर्थाचा आहे. त्यातील 'स्वयं' विद्यार्थ्याला लागतो आणि शिकविण्याचा कर्ता वाक्यातून निघून जातो. परिणामी 'साहित्य दिले, आता त्याने अभ्यास करावा' अशी धारणा सहज बळावते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांतील व्याख्या मात्र या साहित्याकडून बरेच काही मागते. ते स्वयंस्पष्ट, स्वयंपूर्ण, विद्यार्थ्याला उद्देशून लिहिलेले आणि स्वमूल्यमापनास अनुकूल असावे, असे ती सांगते. एवढेच नव्हे, तर पाठ्यपुस्तके व मार्गदर्शके यांना ती या संज्ञेतून स्पष्टपणे वगळते. चार संदर्भग्रंथांतील उतारे एकत्र करून शेवटी प्रश्न जोडलेला घटक या व्याख्येच्या कसोटीला उतरत नाही.

बोरिए होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाला मार्गदर्शित बोधपर संवाद मानले आहे. लिहिलेला घटक हा एकतर्फी व्याख्यान न होता विद्यार्थ्याशी केलेले बोलणे व्हावे, हे त्यांचे प्रतिपादन आहे. येथेच स्वाध्यायाचे महत्त्व लक्षात येते. दूरस्थ विद्यार्थ्याने पाठविलेला स्वाध्याय हा त्याने शिक्षकाशी केलेला बहुधा एकमेव संवाद असतो. त्यावर केवळ गुण लिहून तो नस्तीत गेला, तर तो संवाद तेथेच संपतो.

अंतर कशाचे ?

मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतर भौगोलिक नसून शैक्षणिक व मानसिक आहे, असा सिद्धांत मांडला. संवाद, अभ्यासक्रमाची रचना आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता या तीन घटकांवर ते अंतर अवलंबून असते. संवाद वाढला की अंतर कमी होते. रचना ताठर असून संवाद अल्प असेल तर ते वाढते, आणि अंतर जितके अधिक तितकी विद्यार्थ्याकडून अधिक स्वायत्ततेची अपेक्षा केली जाते. जॉन ड्यूई यांच्याकडून घेतलेल्या मूळ संज्ञेचे 'व्यवहारात्मक अंतर' असे शब्दशः भाषांतर केले, तर मराठी वाचकाला देवघेवीचा वा पैशाचा व्यवहार आठवतो. त्याऐवजी 'संवादांतर' हा शब्द अधिक अन्वर्थक ठरावा.

या सिद्धांताची कसोटी लावल्यास काही अडचणीचे निष्कर्ष निघतात. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात एकही प्रश्न न विचारता वर्ष काढणारा नियमित विद्यार्थीही 'दूर'च असतो. दुसरीकडे, चंदगडच्या विद्यार्थिनीने लिहिलेल्या उत्तरावर शिक्षकाने चार ओळींचा अभिप्राय दिला, तर ती शंभराहून अधिक किलोमीटरवरूनही जवळ येते. यावर एक आक्षेप संभवतो. प्रौढ विद्यार्थी स्वावलंबी असतो, त्याला शिक्षकाची गरज कमी भासते, असे म्हटले जाते. परंतु वयाने आलेले प्रौढत्व आणि अध्ययनातील स्वायत्तता या भिन्न गोष्टी होत. दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणारा कामगार संसारात स्वावलंबी असला, तरी उत्तर कसे लिहावे याबाबत तो साशंक असू शकतो. त्याच्याकडून सर्वाधिक स्वायत्ततेची अपेक्षा धरून त्याला सर्वांत कमी संवाद देणे, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय.

ऑनलाइन : माध्यम की अध्यापन ?

मार्च २०२० नंतर 'ऑनलाइन' हा शब्द घरोघरी पोहोचला आणि त्याचा अर्थ तितकाच पसरट झाला. भ्रमणध्वनीवरून घेतलेला तास म्हणजे ऑनलाइन शिक्षण, अशी समजूत रूढ झाली. चार्ल्स हॉजेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच महिन्यात या गोंधळाकडे लक्ष वेधले. संकटकाळी केलेली तात्पुरती सोय आणि नियोजनपूर्वक आखलेले ऑनलाइन शिक्षण यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. पहिल्यात वर्गातील व्याख्यान जसेच्या तसे पडद्यावर जाते. दुसऱ्यात साहित्य, संवाद, मूल्यमापन यांची त्या माध्यमासाठी नव्याने रचना केलेली असते. २०२० चे विनियमही मुक्त व दूरस्थ पद्धती आणि ऑनलाइन पद्धती यांची स्वतंत्र व्याख्या करतात. पहिलीत मुद्रित साहित्य, इलेक्ट्रॉनिक माध्यमे व प्रसंगोपात्त प्रत्यक्ष भेटी यांचा मेळ असतो. दुसरीत संपूर्ण शिक्षणक्रम आंतरजालाद्वारे दिला जातो.

समकालिक व असमकालिक हा भेदही येथे महत्त्वाचा आहे. ठरलेल्या वेळी सर्वांनी एकत्र येणे हे समकालिक, तर प्रत्येकाने आपल्या सवडीने शिकणे हे असमकालिक अध्ययन होय. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक गावांचा संपर्क तुटला आणि वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी थेट तासावर विसंबलेला विद्यार्थी शिक्षणाबाहेर फेकला जातो. कोरड्या जागी जपून ठेवलेले मुद्रित पुस्तक मात्र उपयोगी पडते. नवे माध्यम जुन्यापेक्षा आपोआप श्रेष्ठ नसते, हे यावरून स्पष्ट होते.

९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्' या राष्ट्रीय मंचाची रचना चार भागांची आहे : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन चाचण्या आणि चर्चामंच. पहिले तीन भाग एकदा तयार केले की पुन्हा वापरता येतात. चौथ्या भागासाठी मात्र उत्तर देणारा शिक्षक प्रत्येक सत्रात हवा. गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेल्या प्रारूपात ज्ञानात्मक व सामाजिक उपस्थितीबरोबरच अध्यापकीय उपस्थिती आवश्यक मानली आहे, ती याच कारणासाठी. चर्चामंच निरुत्तर राहिला, तर ऑनलाइन विद्यार्थीही अखेर बहिःस्थच ठरतो. फरक इतकाच की त्याच्या हाती पुस्तकाऐवजी पडदा असतो.

निष्कर्ष :

१. बहिःस्थ ही परीक्षेची, दूरस्थ ही अध्यापनपद्धतीची, मुक्त ही धोरणाची आणि ऑनलाइन ही माध्यमाची संज्ञा आहे. त्यांचा परस्परपर्यायी वापर टाळावयास हवा.

२. 'स्वयं-अध्ययन' या संज्ञेने शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. ती घटकलेखन, स्वाध्यायावरील अभिप्राय आणि संपर्क सत्र या तीन ठिकाणी विभागली जाते.

३. संपर्क सत्रात घटकाचे पुन्हा व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्यांच्या अडचणींना वेळ देणे संवादांतर कमी करणारे ठरेल.

४. ऑनलाइन शिक्षणक्रमाचे मूल्यमापन चित्रफितींच्या संख्येवर न करता विद्यार्थ्यांच्या किती प्रश्नांना उत्तर मिळाले, यावर व्हावे.

दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने मिळविलेल्या मान्यताप्राप्त पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. कागदावर समता आलेली आहे. ती अध्यापनात आणणे प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे. 'बाहेरून' शिकणारा विद्यार्थी हा शब्द बोलीतून जाईल तेव्हा जाईल. त्या विद्यार्थ्याच्या स्वाध्यायावर दोन ओळी लिहिण्यासाठी मात्र कोणत्याही नव्या विनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.