हवा सर्वांची, किंमत कोणाची? : दिल्लीतील उद्योगबंदीचा निकाल आणि सामूहिक वाटाघाटी — एक चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरणाचे रक्षण आणि कामगारांचे हित ही दोन परस्परविरोधी मूल्ये आहेत, असा समज भारतीय सार्वजनिक चर्चेत दीर्घकाळ रूढ आहे. कारखाना चालू राहिला तर हवा बिघडते आणि बंद पडला तर चूल विझते, असे या समजाचे सोपे रूप आहे. राज्यघटनेने मात्र असा विरोध मानलेला नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अनुच्छेद ४८-क समाविष्ट करून पर्यावरणाचे संरक्षण व संवर्धन हे राज्याचे कर्तव्य ठरविले. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४३-क समाविष्ट झाला आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवून देण्यासाठी उपाययोजना करणे हेही राज्याचे कर्तव्य ठरले. एकाच दुरुस्तीतून जन्मलेल्या या दोन तत्त्वांची पुढील वाटचाल मात्र सारखी झाली नाही. पहिले तत्त्व जनहित याचिकांच्या बळावर न्यायालयीन आदेशांचा आधार बनले. दुसरे बहुतांशी ग्रंथातच राहिले.

या विषमतेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दिल्लीतील १६८ घातक उद्योग बंद वा स्थलांतरित करण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी दिलेला आदेश. प्रस्तुत लेखात या आदेशाची श्रमिक कायद्याच्या आणि सामूहिक वाटाघाटींच्या अंगाने चिकित्सा केली आहे. शाश्वत विकासाकडे जाणाऱ्या संक्रमणात आज जे प्रश्न कोळसा आणि औष्णिक वीज या क्षेत्रांसमोर उभे आहेत, त्यांची पूर्वछाया या आदेशात दिसते.

१. आदेशाची पार्श्वभूमी व स्वरूप

विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेतून हे प्रकरण उद्भवले. १९९० मध्ये अंमलात आलेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्याने घातक व उपद्रवी उद्योग तीन वर्षांत शहराबाहेर हलविण्याची मुदत घातली होती. ती मुदत संपून गेली तरी प्रशासन हलले नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने अखेर हे उद्योग ३० नोव्हेंबर १९९६ पासून दिल्लीत चालविण्यास मनाई केली.

कामगारांविषयीचे आदेशाचे स्वरूप पुढीलप्रमाणे होते. उद्योग अन्यत्र सुरू झाल्यास कामगारांची नोकरी अखंड मानली जावी आणि मधल्या काळाचे पूर्ण वेतन मिळावे. स्थलांतरास तयार असलेल्या कामगारास एक वर्षाचे वेतन स्थलांतर बोनस म्हणून मिळावे. जे कामगार जाऊ इच्छित नाहीत, किंवा ज्यांचा उद्योग स्थलांतरित होत नाही, त्यांची ३० नोव्हेंबरपासून कपात झाली असे समजावे. मात्र त्यांची किमान एक वर्षाची सलग सेवा झालेली असावी. अशांना औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-एफ नुसार देय रक्कम आणि त्याखेरीज एक वर्षाचे वेतन द्यावे. ४ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने, जे उद्योग स्थलांतर न करता बंद होतील त्यांच्या कामगारांसाठी ही अतिरिक्त भरपाई सहा वर्षांच्या वेतनाइतकी वाढविण्यात आली.

२. आदेशाची जमेची बाजू

या आदेशाकडे केवळ कामगारविरोधी म्हणून पाहणे न्याय्य ठरणार नाही. कलम २५-एफ प्रमाणे कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते. वीस वर्षे राबलेल्या कामगाराच्या पदरात त्यामुळे जेमतेम दहा महिन्यांचे वेतन पडते. त्या तुलनेत सहा वर्षांचे वेतन ही फार मोठी रक्कम आहे. गंगा प्रदूषणाच्या प्रकरणात कानपूरच्या चर्मोद्योगाविषयी १९८७ मध्ये निकाल देताना याच न्यायालयाने बेकारीपेक्षा जीवित, आरोग्य व पर्यावरण यांना अधिक महत्त्व दिले होते आणि विषय तेथेच संपविला होता. त्यापुढे पाऊल टाकून, पर्यावरणरक्षणाचा खर्च एकट्या कामगाराच्या माथी मारता येणार नाही, ही जाणीव १९९६ च्या आदेशात दिसते.

शिवाय प्रदूषणाचा पहिला बळी कामगारच असतो. चिमणीतून बाहेर पडणारा धूर शहराच्या फुफ्फुसात जाण्यापूर्वी तो यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातो. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा मूलभूत हक्काचा भाग मानला होता. म्हणजे स्वच्छ हवेच्या मागणीत कामगारांचा स्वतःचा हितसंबंध होता. तो कोणी मांडावयाचा, हाच खरा प्रश्न होता.

३. पक्षकाराविना निवाडा

आदेशाची मुख्य उणीव येथे आहे. याचिकाकर्ता, शासन, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि उद्योगांचे मालक यांच्याभोवती ही कार्यवाही फिरत राहिली. ज्यांची रोजीरोटी पणाला लागली होती ते या विवादाचे मूळ पक्षकार नव्हते. ते आदेशाचे लाभार्थी म्हणून अवतरले.

हे टाळता येण्याजोगे होते, कारण त्यासाठी नवे तत्त्व शोधण्याची आवश्यकता नव्हती. नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियन विरुद्ध पी. आर. रामकृष्णन या डिसेंबर १९८२ च्या निकालात, कंपनी गुंडाळण्याच्या अर्जावर निर्णय होताना कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे, असे याच न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने ठरविले होते. भांडवल गुंतविणाऱ्याइतकाच श्रम गुंतविणाराही उद्योगाचा घटक असतो, हा त्या निकालाचा गाभा होता आणि त्याचा आधार अनुच्छेद ४३-क हाच होता. कर्जापायी कंपनी बंद होताना जो कामगार ऐकला जातो, तो प्रदूषणापायी कारखाना बंद होताना का ऐकला जाऊ नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९९६ च्या आदेशात सापडत नाही.

श्रमिक कायद्याची रचनाही याच दिशेची होती. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-ए नुसार चौथ्या अनुसूचीतील सेवाशर्तींत बदल करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना द्यावयाची असे. ज्यामुळे कपात संभवते असे यंत्र वा तंत्रातील सुसूत्रीकरण, प्रमाणीकरण किंवा सुधारणा हा त्या अनुसूचीतील एक विषय होता. जुनी भट्टी काढून स्वच्छ तंत्राची भट्टी बसविणे हे अशाच बदलाचे उदाहरण ठरते. म्हणजे पर्यावरणानुकूल बदलासाठी वाटाघाटीचे द्वार कायद्यात उघडे होते. न्यायालयीन आदेशाने बंदीची तारीखच ठरल्यानंतर त्या द्वाराचा उपयोग उरला नाही. स्थलांतर कोठे व्हावे, तेथे निवासाची व मुलांच्या शाळेची सोय कोणती, यंत्रसामग्री बदलून जागेवरच उत्पादन करता येईल काय, असे वाटाघाटीचे प्रश्न मालक आणि प्रशासन यांच्या अखत्यारीत गेले.

यावर असा आक्षेप संभवतो की, कामगार संघटनांना पक्षकार केले असते तर आधीच लांबलेले प्रकरण आणखी लांबले असते आणि त्याचा लाभ प्रदूषण करणाऱ्या मालकांना झाला असता. आक्षेपात तथ्य आहे. कामगारांच्या हलाखीची ढाल पुढे करून मुदतवाढ मिळविण्याची प्रथा मालकवर्गाला नवी नाही. परंतु याच कारणाने कामगारांचा स्वतंत्र आवाज आवश्यक ठरतो. तो नसेल तर त्यांच्या नावाने मालकच बोलतो. आणि विलंब टळला असेही दिसत नाही. निवासी भागांतील उद्योगांविरुद्ध पुढे झालेल्या कारवाईच्या वेळी, नोव्हेंबर २००० मध्ये, लहान कारखानदार आणि कामगार एकत्रितपणे दिल्लीच्या रस्त्यांवर उतरले. न्यायालयात जागा न मिळालेला विवाद रस्त्यावर गेला.

४. भरपाईच्या रचनेतील उणिवा

भरपाई उदार होती. तिची रचना मात्र सदोष होती. उद्योग बंद केल्यास सहा वर्षांचे वेतन देणे भाग होते. तो स्थलांतरित केल्यास एका वर्षाच्या वेतनावर भागत होते. या तफावतीमुळे, खरोखर बंद करावयाचा उद्योगही स्थलांतराच्या नावाखाली दूर नेण्याकडे मालकाचा कल होणे स्वाभाविक होते. नवा कारखाना शेकडो किलोमीटर दूर उभा राहिला आणि कामगार कुटुंब सोडून तेथे जाऊ शकला नाही, तर ‘स्थलांतरास अनुत्सुक’ या सदरात त्याची गणना होई. प्रत्यक्षात नोकरी गेलेल्या दोन कामगारांच्या भरपाईत पाच वर्षांच्या वेतनाचा फरक पडे आणि तो मालकाच्या इच्छेवर अवलंबून असे. वाटाघाटीत बसलेल्या कोणत्याही अनुभवी संघटनेने ही फट पहिल्याच बैठकीत दाखवून दिली असती.

दुसरी उणीव पुराव्याची आहे. सलग सेवेची अट पूर्ण करण्यासाठी नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठी किंवा हजेरीपटावरील नाव लागते. कंत्राटदारामार्फत किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्यांच्या हाती यांपैकी काहीच नसते आणि हजेरीपट तर मालकाच्याच कपाटात असतो. ज्यांची स्थिती सर्वांत नाजूक, तेच भरपाईपासून सर्वांत दूर राहतील अशी ही व्यवस्था होती.

५. जमिनीचा प्रश्न आणि मुंबईचा दाखला

उद्योग गेल्यावर मागे जमीन उरते आणि शहरात तिचे मोल कारखान्याहून अधिक असते. न्यायालयाने १० मे १९९६ च्या आदेशाने मोठ्या भूखंडांचा निम्म्याहून अधिक भाग हरितक्षेत्र व सार्वजनिक सोयींसाठी दिल्ली विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यास सांगितले आणि उरलेल्या भागाचा विकास करण्याची मुभा मालकांना दिली. समाजाला उद्यान मिळाले, मालकाला विकसनयोग्य भूखंड मिळाला. कामगाराला त्या जमिनीच्या वाढीव मूल्यात वाटा नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकास हे चित्र परिचयाचे वाटेल. मुंबईच्या गिरण्या पर्यावरणाच्या कारणाने बंद पडल्या नव्हत्या; तरीही संक्रमणाचा नकाशा तोच होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने वाटाघाटीचा अधिकार ‘प्रातिनिधिक संघा’च्या, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाच्या हाती दिला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेले गिरणी कामगार मात्र दत्ता सामंत यांच्या मागे उभे होते. कायद्याने मानलेला प्रतिनिधी आणि कामगारांनी मानलेला प्रतिनिधी भिन्न असल्यामुळे वाटाघाटीचे आसन वस्तुतः रिकामेच राहिले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीची मोकळ्या जागा, सार्वजनिक गृहनिर्माण व मालक अशी त्रिभागणी केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती केवळ रिकाम्या भूभागापुरती आकसली. या दुरुस्तीला एका पर्यावरणवादी संस्थेने आव्हान दिले. ७ मार्च २००६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शहराच्या मोकळ्या जागा आणि कामगारांची घरे या दोहोंचा संकोच एकाच दुरुस्तीने झाला, ही बाब लक्षणीय आहे. येथे पर्यावरण आणि श्रमिक हे प्रतिस्पर्धी नव्हते, तर सहप्रवासी होते. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, तेव्हा संपाला तीस वर्षे उलटली होती.

६. नवी संहिता व पुढील संक्रमण

औद्योगिक विवाद अधिनियमाची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेस ‘वाटाघाटी करणारा संघ’ म्हणून मान्यता आणि तसा संघ नसल्यास वाटाघाटी परिषद, ही तिची स्वागतार्ह तरतूद होय. सेवाशर्तींतील बदलाच्या सूचनेची जुनी तरतूदही तिच्यात टिकून आहे. परंतु कपात व उद्योगबंदीसाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची अट आता १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांपासून लागू होते. कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी स्थापावयाच्या निधीत मालकाने प्रत्येक कामगारामागे १५ दिवसांचे वेतन भरावयाचे आहे आणि तेही केवळ कपातीच्या प्रसंगी. पर्यावरणीय संक्रमणात मुख्यतः उद्योग, केंद्रे व खाणी समूळ बंद होतात. नेमक्या त्याच प्रसंगी हा निधी मौन पाळतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय जाहीर केले. कोळसा उद्योगात देशव्यापी वेतन कराराची दीर्घ परंपरा आहे. मे २०२३ मध्ये झालेल्या अकराव्या कराराने सुमारे २.८१ लाख कामगारांना किमान हमी लाभात १९ टक्के वाढ दिली. इतके समर्थ वाटाघाटीचे व्यासपीठ भारतात क्वचितच आढळते. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या पट्ट्यातील खाणी उद्या टप्प्याटप्प्याने थांबतील, तेव्हा बंदीचे वेळापत्रक, पर्यायी रोजगार आणि जमिनीचा पुनर्वापर हे विषय वेतनाइतक्याच अग्रक्रमाने या व्यासपीठावर यावे लागतील. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये शासन, खाण कामगार संघटना आणि खाणमालक यांच्यात झालेल्या कराराने कोळसा खाणी बंद करतानाच निवृत्तिलाभ, पुनर्प्रशिक्षण व भूमीचे पुनर्संस्करण यांची तरतूद एकत्र केली. तेथील खाण कामगारांची संख्या अल्प होती, त्यामुळे ते प्रारूप जसेच्या तसे येथे उचलता येणार नाही. तथापि बंदीपूर्वी करार, हा तेथील क्रम अनुकरणीय आहे. भारतात कंत्राटी कामगार वेतन कराराच्या परिघाबाहेर राहतो. तो आत आल्याखेरीज हा क्रमही अपुराच ठरेल.

निष्कर्ष

१९९६ च्या आदेशाने स्वच्छ हवेचा अधिकार ठामपणे प्रस्थापित केला आणि त्याची किंमत मालकाने मोजावी असेही सांगितले. त्याने कामगारास रक्कम दिली. निर्णयात स्थान दिले नाही. भरपाईतील तफावत, पुराव्याची अडचण आणि जमिनीच्या मूल्यातून झालेली वगळणूक, हे सर्व दोष या एका अभावातून उद्भवले. अनुच्छेद ४८-क आणि अनुच्छेद ४३-क यांचे एकत्रित वाचन झाले असते, तर उद्योगबंदीच्या प्रत्येक पर्यावरणीय कार्यवाहीत कामगारांची संघटना आवश्यक पक्षकार ठरली असती. येत्या दशकांतील कोळशाच्या संक्रमणात हे वाचन न्यायालयांनी करावयाचे आहे, विधिमंडळांनीही करावयाचे आहे. कामगार संघटनांनीही हवा, पाणी आणि जमीन हे आपल्या मागणीपत्राचे विषय मानले पाहिजेत. अन्यथा दिल्लीतील कारखान्यांच्या फाटकावर १९९६ च्या डिसेंबरात जे घडले, तेच खाणींच्या तोंडाशी घडेल : कुलूप आधी लागेल आणि कामगाराला विचारणा त्यानंतर होईल.