ठग, रुमाल आणि पासबुक

मेडोज टेलरच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) या कादंबरीतला अमीर अली आधी वाटसरूंचा विश्वास मिळवतो. रुमालाने गळा आवळणं नंतरचं. इंग्रजीने त्यातलं नंतरचंच उचललं, म्हणून तिकडे 'ठग' म्हणजे मारामारी करणारा दांडगट. मराठीने सुरुवात धरून ठेवली. संस्कृत 'स्थग' म्हणजे लबाड. आपलं ठक, ठकवणं त्याच गोतातलं.

२०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवीदारांचे पैसे अडकले. पेण-रोह्याकडे 'ठकवलं' म्हटलं की रुमाल कशाला आठवेल? पासबुकच आठवणार. तरी सबटायटल लिहिणारे इंग्रजी 'ठग'चं मराठीत बिनदिक्कत 'ठग'च करतात. तिथे सरळ 'गुंड' लिहावं. टेलरच्या अमीर अलीला मात्र 'गुंड' म्हणू नये, त्याच्या गोड बोलण्यावर अन्याय होईल.