लक्ष्मण यांचा कॉमन मॅन बोलत का नाही?

आपल्या पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर, सिम्बायोसिसच्या आवारात, कॉमन मॅनचा ब्राँझचा पुतळा आहे. २००१ साली तो उभा राहिला. पुण्यात पुतळ्यांची वानवा नाही. पण बाकीचे पुतळे काहीतरी केलेल्या माणसांचे आहेत. कोणी राज्य उभं केलं, कोणी मुलींची शाळा काढली, कोणी वर्तमानपत्र चालवून तुरुंगात गेलं. हा पुतळा मात्र अशा माणसाचा आहे, की ज्यानं काहीच केलेलं नाही. त्यानं फक्त पाहिलं. या पाहण्याची किंमत काय, हा आजचा आमचा विषय आहे.

आधी थोडं चरित्र. रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२१ चा, म्हैसूरचा. कादंबरीकार आर. के. नारायण हे त्यांचे थोरले भाऊ. भावाच्या कथा 'द हिंदू'त छापून येत, त्यांची चित्रं हा धाकटा काढी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं त्यांना प्रवेश नाकारला, ही गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते, पण ती खरी आहे. पुढे मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये नोकरी, आणि मग 'टाइम्स ऑफ इंडिया'. १९५१ मध्ये 'यू सेड इट' हे सदर सुरू झालं, आणि ते पन्नासएक वर्षं चाललं. १९८४ चा मॅगसेसे पुरस्कार, २००५ चं पद्मविभूषण. शेवटची वर्षं त्यांनी पुण्यात काढली आणि २६ जानेवारी २०१५ ला, प्रजासत्ताक दिनीच, ते इथेच गेले. अंत्यदर्शनही सिम्बायोसिसच्या आवारातच झालं.

आता चित्रांकडे वळू. एक कॉलमी व्यंगचित्र ही फार निर्दय जात आहे. जागा चार बोटांची, वेळ संध्याकाळपर्यंतचा, आणि उद्या पुन्हा नवीन. लक्ष्मण यांची रेषा ब्रशची. डेव्हिड लो या ब्रिटिश व्यंगचित्रकाराचा संस्कार तिच्यावर आहे. पण त्या चार बोटांत ते काय काय बसवत, ते बघा. सरकारी कचेरीतला पंखा, फायलींचा उतरता ढीग, मंत्र्याच्या खुर्चीमागचा टॉवेल, पावसाळ्यातला खड्डा. यातली एकही वस्तू सजावट म्हणून येत नाही. देश कसा चालतो हे त्या वस्तूच सांगतात. ओळ वाचण्याआधीच अर्धा विनोद कळलेला असतो. हे कौशल्य वादातीत आहे आणि आम्ही त्यावर वाद घालणार नाही.

वाद आहे तो त्या कोपऱ्यातल्या माणसाबद्दल. धोतर, चौकटीचा कोट, गोल चष्मा, टकलाभोवती पांढऱ्या केसांची झालर, तोकडी मिशी. तो बोलत नाही. त्याची बायको बोलते, आणि चांगली खणखणीत बोलते, हा गप्प. या गप्प बसण्याचं सगळ्यांना कौतुक. जनतेचा आवाज दाबला गेला आहे, म्हणून तो मुका, असं सांगितलं जातं. हे अर्धंच उत्तर आहे, असं आम्हाला वाटतं.

आपण एक साधा प्रश्न विचारू. हा माणूस बोलला असता, तर कुठल्या भाषेत बोलला असता? आपल्याकडे माणसानं तोंड उघडलं की पहिल्या दोन वाक्यांत त्याचं गाव कळतं, तिसऱ्या वाक्यात शिक्षण, आणि चौथ्यात, कटू असलं तरी खरं सांगायचं तर, लोक जातही ओळखू पाहतात. पुण्यात तर पेठ ओळखतात. कॉमन मॅन बोलला असता त्या क्षणी तो 'कॉमन' राहिला नसता, कुठला तरी झाला असता. तो सगळ्यांचा होऊ शकला, याचं कारण त्याचं मौन हेच आहे.

याचा परिणाम काय होतो, ते एका गाजलेल्या चित्रात दिसतं. चंद्रावर पाठवायला माणूस हवा आहे. शास्त्रज्ञांपुढे कॉमन मॅनला उभं केलंय, कारण काय, तर हा अन्नपाण्याविना, निवाऱ्याविना, कशाहीविना जगू शकतो. चित्र जबरदस्त आहे. पण थांबून विचार करा. अन्नपाण्याविना जगणारा हा माणूस आणि सकाळच्या चहाबरोबर इंग्रजी दैनिक उघडणारा वाचक, दोघांनाही तोच चौकटीचा कोट. वाचक म्हणतो, अरे, हा तर मीच! आणि एका क्षणात, दुष्काळात होरपळलेल्या माणसाचं दुःख त्याच्या नावावर जमा होतं, एक दिवसही उपाशी न राहता. लक्ष्मण यांचा हेतू असा होता, असं आम्ही म्हणत नाही. पण कलाकृतीचा हिशेब हेतूवर होत नाही, ती काय घडवते त्यावर होतो.

दुसरी गोष्ट निर्दोषपणाची. आम्ही पाहिलेल्या चित्रांत कॉमन मॅन लाच देत नाही, रांग मोडत नाही, मत विकत नाही. जे काही करतात ते मंत्री, बाबू, पुढारी, कंत्राटदार. सांख्य दर्शन ज्यांनी थोडंफार वाचलंय त्यांना इथे पुरुष आणि प्रकृती आठवतील. सगळा खटाटोप प्रकृतीचा. पुरुष हा अकर्ता, नुसता साक्षी, म्हणून अलिप्त. मोक्षशास्त्रात ही कल्पना फार उंचीची आहे. पण नागरिकशास्त्रात? लोकशाहीत नागरिक हा साक्षी नसतो, कर्ता असतो. मंत्री त्याच्या मतानं येतो. टेबलाखालून पैसे घेणारा हात असतो, तेव्हा देणाराही असतोच. पन्नास वर्षं रोज सकाळी आपल्याला सांगितलं गेलं, की तू फक्त बघतो आहेस. ते आपल्याला आवडलं, यात नवल नाही.

इथे एक तुलना करावीच लागते. 'फ्री प्रेस'मध्ये लक्ष्मण यांचे सहकारी होते बाळ ठाकरे. तेही ब्रशचे, तेही लोला मानणारे, हात तितकाच पक्का. १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' काढलं. त्यात कचेऱ्यांमधल्या परप्रांतीय, मुख्यतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत, आणि त्यांवर मथळा असे, 'वाचा आणि थंड बसा'. उपरोध उघड होता. पुढे मथळाही बदलून 'वाचा आणि उठा' झाला. १९६६ मध्ये शिवसेना आली. वरवर पाहता हे दोघे दोन टोकांना. एकाचा माणूस शेवटपर्यंत थंड बसला, दुसऱ्याचा उठला. पण खोलात गेलं तर दोन्हीकडे सामान्य माणूस निर्दोषच आहे. दोष कायम दुसऱ्याचा. फरक एवढाच, की एकीकडे त्या निर्दोषपणाचं हसू झालं आणि दुसरीकडे राग. आणि दाक्षिणात्यांच्या त्या याद्या निघत होत्या, त्याच शहरात म्हैसूरचा एक माणूस रोज सर्वांचा प्रतिनिधी रेखाटत होता. त्या प्रतिनिधीचं मौन किती नाजूक तडजोड होती, हे इथे लक्षात येतं.

कोणी म्हणेल, सर, व्यंगचित्रकाराचं काम सत्तेला टोचण्याचं, वाचकाला नव्हे. मान्य. पण सत्तेला टोचतानाही कर्त्याचा हात दाखवता येतो. आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, अबू अब्राहम यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसून वटहुकमावर सही करताहेत असं चित्र काढलं. त्यात व्यवस्था नावाची धूसर वस्तू नाही. सही करणारा एक हात आहे. आणि वाचकाला टोचण्याचं म्हणाल, तर उदाहरण आपल्याच गावात आहे. मंगेश तेंडुलकर पुण्याच्या चौकात स्वतः उभे राहून वाहतुकीच्या नियमांची व्यंगचित्रं वाटत. ज्याला ते चित्र मिळे, तोच त्या चित्राचा विषय असे. तिथे साक्षी व्हायला जागाच नव्हती. सिग्नल आपणच तोडलेला.

याचा अर्थ लक्ष्मण उणे ठरतात असा नाही. सत्ताधाऱ्यांवर इतकी वर्षं, न चिरडता आणि न चरफडता, नजर ठेवणं हे मोठं काम आहे. पाहणारा कोणी नसेल तर करणाऱ्यांना लाज कशाची? साक्षीदार हवाच. तक्रार आहे ती आपल्याबद्दल. कोर्टात साक्षीदाराला शेवटी पिंजऱ्यात उभं राहून बोलावं लागतं, उलटतपासणीही सोसावी लागते. आपण लक्ष्मण यांच्याकडून पाहणं घेतलं आणि पिंजरा टाळला.

बालेवाडीला आता त्यांच्या नावाचं कलादालन आहे, २०२२ मध्ये उघडलेलं. जमलं तर जाऊन या. चित्रं बघताना कोपऱ्यातल्या त्या माणसावर काही क्षण हात ठेवा, त्याला झाका, आणि उरलेलं चित्र पाहा. मंत्री आहे, खड्डा आहे, फाईल आहे. रिकाम्या जागी आपण असतो तर काय करत असतो, एवढंच स्वतःला विचारा. आम्ही इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.