टीका आणि खेळाडूचा राग

बीडहून मांजरसुंब्याच्या वाटेनें निघालें म्हणजे बिंदुसरेच्या धरणाजवळ पाली हें गांव लागतें. तेथें आमच्या भगिनीचें घर आहे. गेल्या दिवाळींत त्या घरीं आमच्या हातून एक वाङ्मयीन अपराध घडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें 2020 सालीं प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या व्हिडिओ गेमवर आम्हीं एक टिपण लिहिलें होतें, तें भाच्यास वाचून दाखविलें. चित्रें सुंदर, लढाई कंटाळवाणी, शेवट घाईचा, असा त्याचा मथितार्थ. भाचा भरल्या ताटावरून उठला नाहीं एवढेंच. पुढें दोन दिवस त्यानें आमच्याशीं अबोला धरला.

हा पोरकटपणा आहे असें म्हणून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु हाच राग सातासमुद्रांपलीकडेही दिसतो. 2006 सालीं 'झेल्डा' मालिकेंतील 'ट्वायलाइट प्रिन्सेस' या खेळास जेफ गर्स्टमन या अमेरिकन परीक्षकानें दहांपैकीं 8.8 गुण दिले. आपल्याकडे एवढ्या गुणांवर पेढे वाटतात. त्या गृहस्थाच्या वांट्यास शिव्या आल्या. 2017 सालीं त्याच मालिकेंतील 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला एका इंग्रज टीकाकारानें सात गुण दिले, तेव्हां त्याच्या संकेतस्थळावर हल्ला होऊन तें कांहीं काळ बंद पडलें.

रसिकांचे पक्ष आम्हां मराठी माणसांस नवे नाहींत. बालगंधर्वांचे भक्त आणि केशवराव भोसल्यांचे भक्त यांच्यांतील चुरस आमच्या आजोबांच्या पिढीनें पाहिली. आणि 8 जुलै 1921 रोजीं ते दोघे संयुक्त 'मानापमाना'त भामिनी व धैर्यधर म्हणून एकत्र उभे राहिले, तेव्हां दोन्ही पक्षांचे लोक एकाच नाटकगृहांत दाटीनें बसले. मग खेळाच्या भक्तांचाच राग इतका तिखट कां?

आमच्या मतें त्याचें कारण हें कीं, नाटकाचा प्रेक्षक खुर्चींत बसलेला असतो. धैर्यधराचा सूर चुकला तर दोष नटाचा; प्रेक्षकानें फक्त तिकिटाचे पैसे दिलेले असतात. व्हिडिओ गेममध्यें तोंडाला रंग लावून प्रेक्षकच रंगभूमीवर जातो. उडी तो मारतो, मरतो तो, आणि विसाव्या वेळीं असुरास लोळवितोही तोच. अशा खेळास कोणी 'कंटाळवाणा' म्हटलें तर तो शब्द कर्त्यापर्यंत पोंचण्याआधीं याच्या जागरणांवर जाऊन आदळतो. 'तूं चाळीस रात्री व्यर्थ घालविल्यास' असें कोणी परक्या माणसानें तोंडावर सांगावें, तसें त्यास वाटतें. त्यांतून गुणांची पद्धत! निबंधाशीं वाद घालतां येतो. आंकड्याशीं कसा घालावा?

टीकाकार मात्र अगदीं धुतल्या तांदळासारखे आहेत असें कोणी समजूं नये. ज्या गर्स्टमन यांस 8.8 साठीं शिव्या मिळाल्या, त्यांनींच 2007 सालीं 'केन अँड लिंच' या खेळास सहा गुण दिले. त्या वेळीं त्याच संकेतस्थळावर त्या खेळाच्या जाहिराती झळकत होत्या. लवकरच गर्स्टमन यांची नोकरी गेली, आणि त्यामागें परीक्षणावरून आलेला दबाव होता हें त्यांनीं 2012 सालीं उघड सांगितलें. असें एकदां घडलें म्हणजे वाचकास प्रत्येक परीक्षणाच्या मागें थैली दिसूं लागते. उलट, भक्तांचाही न्याय पाहा: 'द लास्ट ऑफ अस' या खेळाचा दुसरा भाग 19 जून 2020 रोजीं निघाला. तो संपविण्यास वीस-पंचवीस तास लागतात. पण पहिल्या कांहीं तासांतच हजारोंनीं त्यास शून्याजवळचे गुण दिले. आवडती पात्रें आपल्या मनाप्रमाणें वागलीं नाहींत, हा अपराध! यांत खेळ कसा आहे यापेक्षां तो कोणाचा आहे, हेंच भांडण आम्हांस दिसतें.

तिसऱ्या दिवशीं भाचा बोलला. "मामा, तुम्ही किती खेळलात?"

अर्ध्याहून थोडा कमी, हें आम्हांस कबूल करावें लागलें. तो पुढें म्हणाला, "आपल्याकडच्या पोरांनीं केलेला खेळ आहे. जरा सांभाळून तरी लिहायचं."

त्याचा पहिला प्रश्न आम्हांस लागला. दुसरी विनंती आम्हांस मान्य नाहीं. पुण्याचा म्हणून गुण वाढवून देणें म्हणजे लंगड्यास पहिलें बक्षीस देण्यासारखें आहे, आणि तो अपमान कर्त्यांस अधिक बोंचेल. तथापि त्या रात्रीं भाच्याशेजारीं बसून आम्हीं तो खेळ शेवटापर्यंत खेळला. पहाडी शैलीच्या चित्रांची आठवण देणारीं दृश्यें आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा यांविषयीं पूर्वीं आम्हीं एकच ओळ लिहिली होती, ती आतां पांच ओळींची झाली. भाऊ गोलू याच्या शोधांत निघालेल्या सर्कशींतल्या त्या मुलीची तगमगही आम्हांस प्रथमच कळली. लढाई मात्र कंटाळवाणीच वाटली, शेवटही घाईचाच. तीं वाक्यें आम्हीं खोडलीं नाहींत.

भाच्यानें नवें टिपण दोनदां वाचलें. मग पेन्सिल घेऊन म्हणाला, "महाबलासुराचं नांव चुकलंय. तेवढं दुरुस्त करा."