गुणवत्तेचे मोल : पर्सिग यांच्या ग्रंथाचा एक पैलू

रॉबर्ट पर्सिग (१९२८–२०१७) यांचा ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १२१ प्रकाशकांनी तो नाकारला होता. मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा बापलेकांचा मोटरसायकलप्रवास आणि ‘गुणवत्ता’ या संकल्पनेची मीमांसा, असे त्याचे दुहेरी रूप आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गाबाहेर मात्र तो चांगली वस्तू पारखून घेण्याचा धडा म्हणूनही वाचला जातो.

अशा वाचनाला ग्रंथात आधार नाही असे नाही. कथनकर्त्याचे पूर्वायुष्यातील रूप असलेला फीड्रस जगातून गुणवत्ता वजा करून पाहतो. कला तर लोपतेच. पण बाजारही ओसाड होतो. चवीला अर्थ न उरल्याने दुकानांत तांदूळ, पीठ, सोयाबीन असे जिन्नस तेवढे राहतात. चहा-कॉफी नाहीशी होते. प्लेटोशी झुंजणारी चर्चा इथे किराणा दुकानाच्या दारात येते आणि तिथेच ती सर्वाधिक पटते.

तथापि, महाग ते चांगले असा निष्कर्ष काढणाऱ्या ग्राहकाला हा ग्रंथ साथ देत नाही. जॉनच्या बीएमडब्ल्यूचे हॅन्डल सैल होते, तेव्हा कथनकर्ता बिअरच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून फटीत बसवायला सुचवतो. पत्रा या कामाला अगदी योग्य असतो. जॉनला मात्र तो आपल्या किमती वाहनाचा अपमान वाटतो. उलट, अडकून बसलेल्या एका क्षुल्लक स्क्रूची किंमत संपूर्ण मोटरसायकलीइतकी ठरते, कारण तो निघाल्यावाचून ती निरुपयोगीच. गुणवत्ता वस्तूत नाही आणि ग्राहकाच्या मनातही नाही. ती त्या दोहोंच्या भेटीत प्रकटते, ही पर्सिग यांची भूमिका या दोन प्रसंगांत जितकी स्पष्ट होते तितकी नंतरच्या ग्रीक तत्त्वज्ञानावरील दीर्घ विवेचनात होत नाही.

ग्रंथाची एक उणीव नोंदवलीच पाहिजे. ज्याच्यापाशी निवडीला वावच नाही, हलकी वस्तू घेणे ज्याला भाग आहे, असा माणूस या विवेचनात जवळजवळ येतच नाही. वेळ, हत्यारे आणि निवांतपणा कथनकर्त्याने गृहीतच धरले आहेत.

आणि यंत्राच्या बारीकशा आवाजाकडे कान लावणाऱ्या या माणसाच्या मागे त्याचा मुलगा क्रिस बसलेला आहे. वाटेत त्याचे पोट पुन्हापुन्हा दुखते, तो रडतो; बाप मात्र मनोमन आपली व्याख्याने रचीत राहतो. शेवटाकडे कळते की, सबंध प्रवासात त्या मुलाला समोर केवळ बापाची पाठ दिसत होती.