१९१८चा निबंध आणि नीरेचे पाणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा एक निबंध आमच्या व्याख्यानमालांतून जवळजवळ हद्दपार झालेला आहे. जयंतीच्या मंचावर तो कुणी उघडत नाही, आणि आमचे समीक्षकही त्याला हात लावत नाहीत. कारण त्यात विद्रोह नाही, धर्मचिकित्सा नाही, जातीची चर्चाही जवळजवळ नाही. हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा त्याचा विषय. १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये तो इंग्रजीत छापला गेला, तेव्हा लेखकाने तिशीही गाठलेली नव्हती.

निबंधाचा गाभा थोडक्यात असा. त्या काळचे तज्ज्ञ, म्हणजे बडोद्याची समिती आणि मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक कीटिंग, शेतीच्या दुखण्यावर तुकडेजोडीचे औषध सांगत होते. बाबासाहेबांनी उलट विचारले, जमीन लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? एकरांवरून ते ठरत नाही. ज्याच्याजवळ बैल नाही, अवजार नाही, भांडवल नाही, त्याला दोन एकरही मोठे आणि ज्याच्याजवळ ते आहे त्याला वीसही अपुरे. खरे दुखणे हे की फार माणसे जमिनीला चिकटून बसली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी रिकामी आहेत. रिकामा माणूस कमावत नाही, पण खातो. भांडवल साठते कुठून? तेव्हा शेतीवरचा उपाय शेतीत नाही, कारखान्यात आहे. देशाचे औद्योगिकीकरण करा, जास्तीचे हात तिकडे जाऊ द्या, मग जमिनीचा आकार आपोआप ठीक होईल.

शंभर वर्षांनंतर हीच गोष्ट राज्यकर्त्यांनी नव्या घोषणेत बांधली. २०१४ साली ‘मेक इन इंडिया’ आले, राष्ट्रीय उत्पन्नात कारखानदारीचा वाटा पंचवीस टक्क्यांवर न्यायचे ठरले. तो सोळा-सतराच्या आसपास रेंगाळत राहिला. आमच्यातले काही जण यावर खूश होतात: भांडवलदारांचा खेळ फसला, बरे झाले! मला हा आनंद कळत नाही. गावगाड्यात परत जाऊन आम्ही काय करायचे आहे? १९४५ साली गांधीवादाची झडती घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती, कारण यंत्राशिवाय कष्टकऱ्याला उसंत नाही आणि उसंतीशिवाय संस्कृती नाही. यंत्राला शिव्या देणे ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या उसंत होती त्यांना परवडते.

परंतु निबंध खरा मानायचा तर तो जमिनीवर घासून पाहिला पाहिजे. त्यासाठी बारामती आणि इंदापूर यांच्याइतकी चांगली कसोटी महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

इथे १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला. दुष्काळाला तोंड देण्यासाठी काढलेला हा कालवा पाहता पाहता उसाचा कालवा झाला. बारामतीचा गूळ वाहायला १९१४ साली दौंडहून अरुंद रूळाची गाडी आली. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकातीचे संरक्षण दिले आणि देशात सुमारे तीस असलेले साखर कारखाने चार-पाच वर्षांत एकशेतीसवर गेले. देशी कारखानदारीला सरकारने हात दिला तर ती किती झपाट्याने वाढते, याचा धडा शोधायला पूर्वेच्या देशांत जायला नको, तो इंदापूर तालुक्यातल्या कळंबला आहे. तिथल्या माळावर वालचंद हिराचंद यांनी ऊस आणि कारखाना उभा केला, आणि त्या वसाहतीला वालचंदनगर नाव पडले. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे पर्व आले: माळेगाव, भवानीनगरचे छत्रपती, सोमेश्वर. मग बारामतीची औद्योगिक वसाहत, तिच्यात तीनचाकी रिक्षांचा इटालियन कारखाना. भिगवणला उजनीच्या पाण्याकाठी कागदाचा कारखाना.

म्हणजे औषध दिले गेले. रोगी बरा झाला का?

इथेच आमच्या अर्थतज्ज्ञांनी एक घोटाळा केला आहे. साखर कारखाना उभा राहिला की ते औद्योगिकीकरण झाले असे मोजतात. १९१८च्या निबंधाचे माप लावले तर ते तसे ठरत नाही. निबंधाला हवा होता तो उद्योग माणसाला जमिनीवरून उचलून नेणारा होता. साखरेचा उद्योग माणसाला जमिनीकडे ओढतो. त्याला ऊस हवा, उसाला पाणी हवे, आणि हंगामाला तोडणारे हात हवेत. फक्त हंगामापुरते, बारा महिने नव्हेत. राज्याच्या लागवडीत उसाचे क्षेत्र चारेक टक्के, पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा घास त्याचा. कालव्याच्या शेपटाकडची इंदापूरची गावे पाण्यासाठी मोर्चे काढत राहिली. आणि तोडीला माणसे येतात ती बीडकडून, नगरकडून, मुकादमाची उचल घेऊन, नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे येतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परत त्याच कोरड्या रानात जातात. निबंधातला तो जास्तीचा, रिकामा हात या उद्योगाने संपवला नाही, त्याने तो राखून ठेवला. पुढल्या हंगामाला तो स्वस्तात मिळावा म्हणून कुठेतरी तो रिकामाच असावा लागतो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी सगळ्या महाराष्ट्राने वाचली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसाचा खाडा आणि त्याचा दंड चुकवण्यासाठी शरीराचा अवयव काढून टाकावा लागतो, अशा धंद्याला उद्योगधंदा म्हणताना जीभ अडखळायला हवी.

खरे औद्योगिकीकरण झाले ते वालचंदनगरच्या दुसऱ्या बाजूला. तिथे ऊस गाळणारी यंत्रेच बनू लागली. मग सिमेंट कारखान्यांची यंत्रे, अणुभट्ट्यांचे भाग, सत्तरच्या दशकापासून अंतराळ संशोधनासाठी रॉकेटची कवचे. २०२३ साली चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या बूस्टरचे भागही इथलेच. इंदापूरच्या माळावरच्या फिटर-टर्नरने घासलेले लोखंड अंतराळाच्या वाटेला लागले, ही गोष्ट मला कुठल्याही पुराणकथेहून मोठी वाटते, आणि ती आमच्या पोरांनी छाती फुगवून सांगावी असे वाटते.

पण मग प्रश्न येतो, लेथवर उभा कोण आणि गव्हाणीवर उभा कोण? माझे वडील एका कारखान्यात (नाव घेण्याचे कारण नाही) पंधरा हंगाम गव्हाणीवर मोळ्या टाकत होते. आत मिलपाशी जायचे ते फक्त झाडायला. कायम झाले नाहीत. त्यांना कुणी जात विचारली नाही, शिव्या दिल्या नाहीत. यादी करणारा फक्त आपल्या भावकीतली माणसे ओळखत होता, एवढेच.

आता १९१८च्या निबंधातली पोकळी दिसते. तिथे ‘जास्तीचे हात’ ही एक संख्या आहे, आणि संख्येला जात नसते. कारखान्याच्या दारात मात्र हात जातीसकट येतात. हे बाबासाहेबांना पुढच्या दहा वर्षांतच मुंबईच्या गिरण्यांनी शिकवले. १९२८च्या संपात त्यांनी ठणकावून विचारले की ज्या विणकाम खात्यात पगार चांगला, तिथे अस्पृश्याला का घेत नाहीत? कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. यंत्र विलायतेचे, विटाळ इथला. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा १९३६चा सिद्धांत पोथीतून आलेला नाही, तो त्या धोट्यावर बसलेला आहे. म्हणून १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ते मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागतात आणि शेतीही राज्याचा उद्योग करून जमीन जात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्या म्हणतात. १९१८चा आणि १९४७चा आंबेडकर वेगळे काढणारे आमचे अभ्यासक चुकतात. दुसरा पहिल्याचे अपुरे गणित पुरे करतो आहे.

त्या गणिताचाही अर्धामुर्धा प्रयोग इंदापुरात झाला आहे. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर साखर कंपन्यांची हजारो एकर जमीन सरकारकडे आली, १९६३ साली शेती महामंडळ निघाले, वालचंदनगर-रत्नपुरीचे मळे त्याच्याकडे गेले. सरकारी शेती झाली खरी, पण कसणारा भागीदार झाला नाही, मजूरच राहिला. आणि २०१२ नंतर जमीन परत वाटायला निघाली तेव्हा ती मूळच्या खंडकऱ्यांना, म्हणजे कंपनीला खंडाने जमीन दिलेल्या मालकांच्या वारसांना मिळाली. त्यांचा हक्क खोटा होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांनी दोन-तीन पिढ्या त्याच मातीत पाणी धरले, त्या मळ्यांवरच्या कामगारांची मागणी काय होती? घर बांधायला दोन गुंठे. सहकारी कारखान्याचेही तेच: उसाखाली जमीन असेल तो सभासद. भागभांडवलात आणि कर्जाच्या हमीत सरकारचा पैसा, म्हणजे भूमिहीनाचाही. मालकीत भूमिहीन नाही.

आणि नव्या कारखान्यांत? शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यात १९७३च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा दिल्या, आणि त्या खासगी कारखान्यालाही लागू आहेत. आमचा मुलगा आयटीआय करतो, वर्षभर यंत्र हाताळतो. त्याच कायद्यात २०१४च्या दुरुस्तीपर्यंत असेही होते की मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. मग तो कंत्राटदाराकडे जातो. देशाच्या संघटित कारखानदारीत २००० च्या सुमारास पाचांतला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचांतले दोन आहेत. जो मुलगा काल लेथ चालवायला शिकला तो आज त्याच कारखान्यात ठेकेदाराचा माणूस म्हणून पेट्या उचलतो.

या मुलाची कथा आमच्या साहित्यात मी शोधतो आहे. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईला गाण्यात आणले, नारायण सुर्व्यांनी गिरणीच्या भोंग्याला कवितेत जागा दिली. गावकुसाबाहेरचा मसणवटा, पाणवठा, झोपडपट्टी यांवर आम्ही जीव तोडून लिहिले. पण औद्योगिक वसाहतीचे फाटक, सकाळच्या पाळीची बस, गळ्यातला दोन रंगांचा पास, कायम माणसाचा निळा आणि कंत्राटी माणसाचा पिवळा, हे आमच्या लेखणीला अजून नीट दिसलेले नाही. भिगवणच्या चौकात पहाटे सहाला उभे राहिले तर ते दिसते. कोण कुठल्या गाडीत चढतो ते पाहावे, आणि घरी येऊन १९१८चा तो निबंध पुन्हा काढावा.